सातवी पायरी : तणनाशक, मानवी जनुक आणि हीमची घडण

भिलाई-३ म्हटले की प्रथम लोखंड आठवते. दल्ली-राजहराच्या खाणींतील लोहखनिज रेल्वेने येते आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाल्यापासून येथे पोलाद तयार होत आहे. चरोद्याच्या रेल्वे यार्डाची रुळांची जाळी ओलांडून थोडे बाहेर गेले की मात्र दृश्य पालटते. आषाढ-श्रावणात चहूकडे भाताची खाचरे दिसतात. अशा खाचरातील चिखल मूठभर उचलून पांढऱ्या ताटलीत धुतला, तर त्यात रक्तासारख्या लालभडक, बारीक, वळवळणाऱ्या अळ्या हमखास सापडतात. पुष्कळ शेतकरी त्यांना मूळ खाणारी कीड समजून कीटकनाशकाची चौकशी करतात. त्या कायरोनोमस नावाच्या, डासासारख्या दिसणाऱ्या पण न चावणाऱ्या माशीच्या अळ्या असतात. लावणीच्या भाताला त्यांच्यापासून उपद्रव नसतो. उलट बेडूक, मासे आणि कोळी यांचे ते खाद्य होय. चिखलात प्राणवायू कमी असल्याने त्यांनी आपल्या रक्तात हीमोग्लोबिन बाळगले आहे. रक्तात हीमोग्लोबिन खेळवणारे कीटक विरळा. तो लाल रंग हीमचा, आणि हीमच्या केंद्रस्थानी एकच लोह-अणू असतो.

अशाच एका खाचराच्या बांधावर, कीड-सर्वेक्षणाच्या वेळी, एका वयस्क शेतकऱ्याने मला विचारलेला प्रश्न या लेखाचे निमित्त ठरला. ते उघड्या हातांनी वाळूत तणनाशक कालवीत होते. मी हातमोज्यांचा विषय काढताच ते म्हणाले, "हे औषध गवत जाळते, धान जाळत नाही. मग माझ्यात जळण्याजोगे त्याला काही सापडते की नाही, तेवढे सांगा." कीटकशास्त्रज्ञाला तणनाशकांविषयी विचारले की तो सहसा तणशास्त्रज्ञाकडे बोट दाखवतो, मीही तेच केले. परंतु त्या पाकिटावरील नाव ऑक्साडायर्जिल होते, आणि त्या औषधाचे लक्ष्य असलेले विकर शेतकऱ्याच्याही शरीरातील प्रत्येक केंद्रकयुक्त पेशीत असते, हे मला ठाऊक होते. ते बनवणारे जनुक माणसाच्या पहिल्या गुणसूत्रावर आहे आणि त्याचे नाव पीपीओएक्स. त्या दिवशी उत्तर अर्धवट राहिले. ते येथे सविस्तर मांडतो.

हीम कसे घडते

हीम म्हणजे पॉर्फिरिन नावाचे चार कड्यांचे चपटे वलय आणि त्याच्या मध्यभागी बसलेले लोह. या वलयाची रचना सिद्ध करून प्रयोगशाळेत ते घडवण्याबद्दल हान्स फिशर यांना १९३० चे नोबेल पारितोषिक मिळाले. शरीर ते कोणत्या कच्च्या मालापासून बनवते, हे मात्र पुढे डेव्हिड शेमिन यांनी स्वतःवरच प्रयोग करून दाखवले. १९४५ च्या सुमारास त्यांनी जड नायट्रोजनाने खूण केलेले ६६ ग्रॅम ग्लायसिन स्वतः सेवन केले आणि पुढे कित्येक आठवडे आपल्याच रक्तातील हीममध्ये तो नायट्रोजन शोधत राहिले. हीममधील नायट्रोजन ग्लायसिनमधून येतो, हे त्यातून कळले. शिवाय तांबड्या पेशी सुमारे चार महिने जगतात, हेही त्याच प्रयोगातून प्रत्यक्ष मोजले गेले.

प्रौढ माणसाच्या शरीरात तीन ते चार ग्रॅम लोह असते, एखाद्या खिळ्यापुरते. त्यातले सुमारे दोन-तृतीयांश हीमोग्लोबिनमध्ये असते. शरीर रोज साधारण ३०० मिलिग्रॅम हीम नव्याने घडवते. त्यातील बहुतांश अस्थिमज्जेत, तांबड्या पेशींसाठी तयार होते आणि उरलेल्याचा मोठा भाग यकृतात. ही यकृतातील वाटणी पुढे महत्त्वाची ठरणार आहे.

घडणीच्या एकूण आठ पायऱ्या आहेत. पहिली पायरी पेशीतील तंतुकणिकेत होते. तेथे ग्लायसिन आणि सक्सिनिल-कोएन्झाइम-ए यांच्या संयोगातून डेल्टा-अमिनोलेव्ह्युलिनिक आम्ल, संक्षेपाने एएलए, तयार होते. पुढल्या चार पायऱ्या तंतुकणिकेबाहेर, पेशीद्रवात पार पडतात: एएलएचे दोन रेणू जोडून पॉर्फोबिलिनोजेन होते, त्याचे चार रेणू साखळीत ओवले जातात, साखळीचे वलय होते, आणि वलयाच्या बाजूंची काटछाट सुरू होते. अखेरच्या तीन पायऱ्यांसाठी माल पुन्हा तंतुकणिकेत परततो. सहाव्या पायरीनंतर हाती येते ते प्रोटोपॉर्फिरिनोजेन, एक रंगहीन, निरुपद्रवी द्रव्य. सातव्या पायरीवर त्यातील सहा हायड्रोजन काढून घेतले जातात आणि ते प्रोटोपॉर्फिरिन बनते. आठव्या पायरीवर त्यात लोह बसवले जाते आणि हीम सिद्ध होते.

सातवी पायरी पार पाडणाऱ्या विकराचे नाव प्रोटोपॉर्फिरिनोजेन ऑक्सिडेज. ते घडवण्याची संहिता पीपीओएक्स या जनुकात आहे. हे विकर ४७७ अमिनो आम्लांचे असून दोन-दोनच्या जोडीने तंतुकणिकेच्या आतल्या पटलात रुतून बसते. एफएडी हे सहविकर त्याला लागते, आणि प्राणवायूचे तीन रेणू खर्ची पडून हायड्रोजन पेरॉक्साइडचे तीन रेणू बाहेर पडतात. रंगहीन द्रव्याला लाल आणि प्रकाशग्राही बनवणारी पायरी हीच. पॉर्फिरिनवर उजेड पडला की ते ती ऊर्जा शेजारच्या प्राणवायूला देते. असा उत्तेजित प्राणवायू पेशीपटलातील स्निग्ध द्रव्ये क्षणार्धात जाळतो. म्हणूनच पेशी प्रोटोपॉर्फिरिन साठू देत नाही, तयार होताच पुढच्या विकराच्या हाती सोपवते.

तणाचा घात कसा होतो

वनस्पतींत पहिली पायरी निराळी असते. तेथे ग्लायसिनऐवजी ग्लुटामिक आम्लापासून एएलए बनते. त्यापुढे प्रोटोपॉर्फिरिनपर्यंतचा मार्ग मात्र आपल्यासारखाच आहे. तेथून दोन फाटे फुटतात: लोह बसले तर हीम, मॅग्नेशियम बसले तर हरितद्रव्याकडे वाटचाल. एकाच साच्यातून रक्ताची लाली आणि पानाची हिरवाई निघते. वनस्पतीला हरितद्रव्य फार मोठ्या प्रमाणावर लागत असल्याने त्यांच्या हरितलवकांतील या मार्गाने जाणारा ओघ मोठा असतो, आणि तोच त्यांच्या मुळावर येतो.

डायफिनिल ईथर गटातील पहिले व्यापारी तणनाशक, नायट्रोफेन, १९६० च्या दशकात आले आणि भातावर वापरले गेले. गर्भावरील दुष्परिणामांमुळे पुढे ते मागे घेतले गेले. भारतातही त्यावर बंदी आहे. या गटाची औषधे फवारल्यावर उन्हात काही तासांतच पाने होरपळतात, अंधारात मात्र काही होत नाही, हे लवकर लक्षात आले होते. कारण मात्र पंचवीस वर्षे सापडले नाही. १९८८-८९ मध्ये फ्रान्समधील मात्रिंज, स्काला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते उलगडले. औषधाने सातव्या पायरीचे विकर अडते. त्यामुळे प्रोटोपॉर्फिरिन कमी व्हावे अशी अपेक्षा. प्रत्यक्षात ते प्रचंड वाढलेले आढळते. याचा उलगडा असा की, अडलेले प्रोटोपॉर्फिरिनोजेन हरितलवकाबाहेर पाझरते, पेशीद्रवात त्याचे विकराविना आपोआप ऑक्सिडीकरण होते, आणि जेथे त्याला हाताळणारे कोणीच नाही अशा ठिकाणी लाल, प्रकाशग्राही प्रोटोपॉर्फिरिन साचते. मग ऊन पडण्याचाच अवकाश. विषाने रोपाला मारण्याऐवजी रोपाच्याच मालाला आग लावण्याची ही रीत आहे.

आज आपल्याकडे या गटातील अनेक औषधे प्रचलित आहेत. नाशिक, अहिल्यानगर, पुणे या पट्ट्यातील कांदा उत्पादकाला ऑक्सिफ्लुओरफेन २३.५ टक्के ईसी परिचित आहे. विदर्भ-मराठवाड्यातील आणि इकडे राजनांदगावकडील सोयाबीनवाल्यांना ॲसिफ्लुओरफेन सोडियम व क्लोडिनाफॉप यांचे मिश्रण, तसेच सल्फेन्ट्राझोन आणि फ्लुमिऑक्साझिन ठाऊक आहेत. भातात ऑक्साडायर्जिल ८० टक्के डब्ल्यूपी हेक्टरी १२५ ग्रॅम, लावणीनंतर पहिल्या पाच दिवसांत, अशी शिफारस असते. जमिनीवर या औषधाचा पातळ थर राहतो आणि त्यातून वर येणारा सावा किंवा माका कोंबातच होरपळतो. लावलेले रोप त्या थराच्या वर उभे असते, म्हणून वाचते. सोयाबीनचे वाचणे वेगळ्या प्रकारचे आहे: त्याच्या पानात ॲसिफ्लुओरफेनला होमोग्लुटाथायोन जोडून ते निकामी केले जाते. तरीही फवारणीनंतर दोन-चार दिवस पानांवर तांबूस डाग दिसतात. शेतकरी घाबरतो, परंतु नवी पाने स्वच्छ येतात.

येथपर्यंत शेतकऱ्याच्या प्रश्नाचा पहिला अर्धा भाग झाला. दुसरा अर्धा अधिक गुंतागुंतीचा आहे.

माणूस का होरपळत नाही

सरळ सांगायचे तर, औषधाला माणसाचे विकर न ओळखता येण्याइतके परके नाही. मात्रिंज यांच्या १९८९ च्या प्रयोगांतच उंदराच्या यकृतातील तंतुकणिकांचे विकर वनस्पतीच्या विकराइतक्याच, किंबहुना त्याहून अल्प मात्रेत अडले होते. २०११ साली मानवी प्रोटोपॉर्फिरिनोजेन ऑक्सिडेजची स्फटिकरचना प्रसिद्ध झाली, ती मुळी ॲसिफ्लुओरफेनसह. मानवी विकराच्या खोबणीत तणनाशकाचा रेणू नीट बसलेला त्या चित्रात दिसतो. प्रथम ते चित्र पाहताना मला क्षणभर चमकायला झाले होते, हे कबूल करतो.

आपले रक्षण विकराच्या वेगळेपणामुळे होत नसून इतर कारणांनी होते. त्वचेतून व आतड्यातून यांतील बऱ्याच औषधांचे शोषण मर्यादित असते. जे आत जाते त्याचे यकृतात त्वरेने विघटन होऊन ते बाहेर टाकले जाते. आणि आपल्या शरीराच्या आत अंधार असतो. हरितद्रव्याचा कारखाना नसल्याने ओघही लहान. उंदरांच्या खाद्यात यांतील काही औषधे दीर्घकाळ, मोठ्या मात्रेत मिसळली असता मात्र यकृतात व विष्ठेत पॉर्फिरिन वाढलेले आणि किंचित रक्तक्षय झालेला आढळला आहे. खाद्य बदलल्यावर ते पूर्ववत होते. फ्लुमिऑक्साझिनच्या बाबतीत गाभण घुशीवर्गीय प्रयोगप्राण्यांत, म्हणजे रॅटमध्ये, गर्भाच्या रक्तनिर्मितीत अडथळा येऊन हृदयाच्या पडद्यात छिद्र राहिल्याचे दिसले. सशांत तसे दिसले नाही. प्राणिजातींतील हा फरक विकराच्या संवेदनशीलतेतून येतो आणि माणूस या बाबतीत रॅटपेक्षा कमी संवेदनशील आहे, असे पुढील अभ्यास सांगतात. हे दिलासादायक आहे. मात्र छत्तीसगडात निंदाई मुख्यतः स्त्रिया करतात, फवारणीच्या दुसऱ्या दिवशी त्याच खाचरात उतरतात, आणि त्यांच्यापैकी एखादी गर्भवती असू शकते. अशा वेळी दिलासा पुरेसा न मानता, ताज्या फवारणीच्या शेतात गर्भवतीने उतरू नये असे स्पष्ट सांगणेच मला योग्य वाटते.

याच विकराची एक उलटी कथाही सांगण्याजोगी आहे. २००४ साली दक्षिण कोरियातील चोन्नम राष्ट्रीय विद्यापीठातील संशोधकांनी मानवी पीपीओएक्स जनुक भाताच्या रोपात घातले. विकर जास्त झाल्याने ते भात ऑक्सिफ्लुओरफेनला दाद देईना. परंतु त्याच रोपांवर उन्हात होरपळल्याच्या खुणाही दिसल्या, कारण जादा विकराने जादा प्रोटोपॉर्फिरिन तयार झाले. सातव्या पायरीवर कमी काम झाले तरी जळते, जास्त झाले तरी जळते. अमेरिकेतील एका राजगिराकुळी तणाने मात्र अधिक सफाईदार उपाय शोधला आहे. कॅन्सासमध्ये २००१ मध्ये नोंदल्या गेलेल्या या प्रतिकारक तणाच्या विकरातून २१० व्या स्थानावरील एकच ग्लायसिन गळालेले आढळले. तेवढ्याने खोबणीचा आकार बदलला. औषध बसेना, पण मूळ काम चालू राहिले. एकच गट वर्षानुवर्षे वापरणाऱ्यांनी ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

ज्यांचे जनुक अर्धेच चालते

माणसात पीपीओएक्स जनुकाच्या दोन प्रती असतात. एक प्रत बिघडली तर विकर निम्मे उरते. त्यातून उद्भवणाऱ्या विकाराला व्हेरिगेट पॉर्फिरिया म्हणतात. बहुतेकांना निम्मे विकर जन्मभर पुरते. कित्येकांना आपल्यात असे काही आहे याचा पत्ताही नसतो. काहींना मात्र हाताच्या पाठीवर उन्हाने फोड येतात, कातडी हलक्याशा खरचटण्याने सोलते. आणि काहींना अकस्मात झटका येतो: असह्य पोटदुखी, उलट्या, बद्धकोष्ठ, जलद नाडी, हातापायांतील शक्ती जाणे, मनोविकारसदृश वागणूक, आणि उभी ठेवल्यावर गडद होणारी लघवी.

या विकाराचा सर्वांत प्रसिद्ध इतिहास दक्षिण आफ्रिकेतला आहे. इंग्लंडहून गेलेले डॉ. जेफ्री डीन पोर्ट एलिझाबेथ येथे काम करत असताना, १९४० च्या दशकाच्या अखेरीपासून, त्यांनी या विकाराची कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या मागे शोधत नेली. चर्चच्या नोंदी तपासल्या, शेकडो नातेवाइकांच्या हातांची पाठ पाहिली. वंशवृक्षाच्या मुळाशी एकच जोडपे निघाले: १६८८ साली केपमध्ये विवाहबद्ध झालेले गेरिट यान्स आणि हॉलंडच्या अनाथाश्रमातून आलेली आरियान्त्ये. आज श्वेतवर्णीय आफ्रिकानेरांत हजारी सुमारे तिघांत हा दोष आढळतो. १९९६ साली त्यातील जनुकीय बिघाड नेमका कळला: विकराच्या ५९ व्या स्थानी आर्जिनिनऐवजी ट्रिप्टोफॅन.

डीन यांचे खरे निरीक्षण वंशवृक्षापलीकडचे आहे. अडीचशे वर्षे हा दोष त्या कुटुंबांत होता, लोक हाताचे फोड सोसत मोठमोठे संसार करीत होते. मृत्यूची रांग लागली ती बार्बिट्युरेट आणि सल्फा औषधे प्रचारात आल्यावर. पोटदुखी म्हणून शस्त्रक्रियेस घ्यावे, भुलीसाठी थायोपेन्टोन द्यावे, आणि रुग्ण शुद्धीवर येऊन हातपाय हलवू न शकावा, असे घडू लागले. जुना निरुपद्रवी दोष नव्या औषधांमुळे घातक झाला.

येथे कीटकशास्त्राचा संबंध येतो. यकृतातील हीमचा मोठा भाग सायटोक्रोम पी-४५० नावाच्या विकरांत खर्च होतो. परकी रसायने निकामी करणे हे त्यांचे काम. बार्बिट्युरेट शरीरात गेले की यकृत पी-४५० भराभर तयार करते, हीमची मागणी वाढते, पहिल्या पायरीचे विकर मोकाट सुटते आणि ओघ वेगाने खाली धावतो. ज्याची सातवी पायरी आधीच अरुंद, त्याच्यात माल वर तुंबतो. एएलए आणि पॉर्फोबिलिनोजेन रक्तात उसळतात आणि मज्जातंतूंना इजा होते. म्हणूनच झटक्यावर शिरेतून ग्लुकोज किंवा प्रत्यक्ष हीम देतात. दोन्ही पहिल्या पायरीला लगाम घालतात.

आता, फेनोबार्बिटल हेच औषध आम्ही कीटकशास्त्रज्ञ प्रयोगशाळेत घरमाशीला आणि फळमाशीला देतो, आणि तेही नेमके याच हेतूने: त्यांच्यातील पी-४५० वाढवून कोणते विकर कोणते कीटकनाशक पचवते, हे पाहण्यासाठी. भातावरील तपकिरी तुडतुड्याने इमिडाक्लोप्रिड पचवायला शिकून घेतले ते सीवायपी-६-ईआर-१ या पी-४५० विकराच्या बळावर. कीटकाची कात टाकण्याची क्रियाही ज्या एक्डायसोन संप्रेरकावर चालते, ते घडवणारी विकरे बहुतांशी पी-४५० च आहेत. म्हणजे तुडतुड्याचा प्रतिकार आणि अळीचे मोठे होणे, दोन्हींना हीम लागते. गोचिडाने तर हीम घडवणे सोडूनच दिले आहे. गाईच्या रक्तातून ते आयते घेऊन तो अंड्यांपर्यंत पोहोचवतो. या दुबळेपणाचा फायदा घेता येईल का, असा विचार नवा नाही. १९८८ मध्ये अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठाचे कॉन्स्टन्टिन रेबिझ यांनी कोबीवरील उंटअळीवर एएलए व एक साहाय्यक रसायन फवारून, तिला आधी अंधारात आणि मग उजेडात ठेवून, पॉर्फिरिनच्या उजेडदाहाने मारून दाखवले होते. प्रयोगशाळेतून ती कल्पना बाजारात पोहोचली नाही.

हिवतापाच्या परजीवीच्या बाबतीत आपल्याच देशातील काम अधिक पुढे गेले. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील गोविंदराजन पद्मनाभन यांनी आधी यकृतातील पी-४५० आणि हीम यांचे नाते तपासले, आणि १९९२ मध्ये नमिता सुरोलिया यांच्यासह दाखवले की तांबड्या पेशीत हीमच्या राशीवर बसलेला परजीवीही स्वतःचे हीम स्वतः घडवतो. एवढा साठा असताना ही उठाठेव कशासाठी, हा प्रश्न दोन दशके टिकला. २०१३ मध्ये विश्वनाथन अरुण नागराज, पद्मनाभन आणि सहकाऱ्यांनी उंदरांच्या हिवतापाच्या परजीवीतून हीमनिर्मितीची जनुके काढून टाकली. रक्तात तो परजीवी आरामात वाढला. परंतु डासाच्या शरीरात त्याच्यापासून संसर्गक्षम बीजाणू तयार होईनात, आणि यकृतातील वाढही खुंटली. घरचे हीम त्याला लागते ते रक्ताबाहेरच्या प्रवासात. बस्तरच्या जंगलपट्ट्यात, जेथे २०२० पासून मलेरियामुक्त बस्तर अभियान चालू आहे आणि ॲनॉफिलिस फ्लुविआटिलिस व क्युलिसिफेसीस हे डास रोग वाहतात, तेथे काम करणाऱ्या आमच्यासारख्यांना या निष्कर्षाचे मोल वेगळे सांगायला नको. रुग्णाच्या रक्तात न मरणारा परजीवी डासात मात्र अडवता येईल, अशी ती शक्यता आहे.

बांधावर परत

त्या शेतकऱ्याला आता मी असे सांगेन. होय, औषधाला तुमच्यात बसण्याची जागा आहे. तुम्ही होरपळत नाही, कारण ते फारसे आत जात नाही आणि गेले तर तुमचे यकृत ते काढून टाकते. तेव्हा ते आत न जाऊ देणे एवढेच तुमच्या हाती आहे. वाळूत कालवून उघड्या मुठीने फेकणे ही छत्तीसगडातील आणि पूर्व विदर्भातील सरसकट रीत आहे. हात ओला असतो, बोटांना लावणीच्या भेगा असतात, आणि दुपारी त्याच हाताने बासी खाल्ली जाते. कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे, कालवण्यासाठी काठी किंवा फावडे, आणि जेवणाआधी साबण, यांना तणनाशकाच्या बाटलीपेक्षा कमीच पैसे पडतात. फवारायचे असेल तर पंपाला तणनाशकाचे चपट्या झोताचे तोंड बसवावे, वाऱ्याकडे पाठ करावी. उभ्या तणावर वापरायची या गटातील औषधे उन्हातच काम करतात, म्हणून ती संध्याकाळी फवारून उपयोग थोडा. तीच गोष्ट कातडीवर उडालेल्या थेंबालाही लागू आहे, तो तत्काळ धुवावा. थर देऊन वापरायच्या औषधांनंतर खाचर ढवळू नये. बियासीची नांगरट महिन्याभराने व्हायची असते, तोवर थराने आपले काम केलेले असते.

आणखी एक गोष्ट विस्तार-कार्यकर्त्यांसाठी. फवारणी करणाऱ्याच्या पोटात दुखले, उलट्या झाल्या, की गावात निदान ठरलेले असते: औषध बाधले. बहुधा ते खरेच असते. ऑर्गॅनोफॉस्फेट कीटकनाशकाच्या बाधेत बाहुल्या बारीक होतात, घाम व लाळ सुटते, जुलाब होतात. तेथे एक क्षणही न दवडता, औषधाचे पाकीट सोबत घेऊन, रुग्णालय गाठायचे असते. परंतु ज्याला अशी पोटदुखी पुन्हापुन्हा, फवारणी नसतानाही येते, ज्याला बद्धकोष्ठ असते, ज्याच्या हाताच्या पाठीवर उन्हाळ्यात फोड येतात, ज्याच्या आई-वडिलांपैकी वा भावंडांपैकी कोणाला भुलीनंतर लुळेपणा आला होता, त्याच्याबाबत डॉक्टरांना हे सारे आवर्जून सांगावे. झटक्याच्या काळात लघवीतील पॉर्फोबिलिनोजेन तपासणे अवघड नाही. नमुना मात्र उजेडापासून झाकून न्यावा लागतो. ही माणसे विरळा आहेत. तरी ज्याची सातवी पायरी जन्मतः निम्मी आहे, त्याने त्याच पायरीला अडवणारी औषधे हाताळू नयेत, हे सांगायला फार संशोधनाची गरज नाही. आणि आपल्या फवारणी-प्रशिक्षणाच्या नोंदवहीत कौटुंबिक विकारांसाठी एक रकाना वाढवायला काहीच खर्च येत नाही. यंदाच्या खरिपापूर्वीच्या प्रशिक्षणात तो रकाना आम्ही घातला आहे. त्या शेतकऱ्यांचे नाव त्याच वहीत पहिल्या पानावर आहे. त्यांनी हातमोज्यांचे दोन जोड नेले, एक स्वतःसाठी आणि एक निंदाईला येणाऱ्या सुनेसाठी.